म्हातारी शेळी गाभण राहिली तेव्हा

करडाचा एक पाय बाहेर आला होता आणि त्याच्यामागून काही येत नव्हतं. शेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधे आडवी पडली होती. जीभ बाहेर, डोळे पांढरे, पोट नगाऱ्यासारखं. कळ आली की तो पाय जरा पुढे यायचा आणि कळ गेली की परत आत जायचा. मी गुडघे टेकून आत हात घालून पाहिला. संधिवाताने माझी बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली आहेत. गाठींच्या पुढे हात जाईना. शेळीने आता ओरडणंही सोडलं होतं. जनावर ओरडतंय तोवर ठीक असतं. गप्प झालं की घाई करावी.

"हात कोणाचा लहान आहे?" मी विचारलं.

तळमजल्यावरची गुजराती भाभी माझ्या डोक्याशी फोन धरून उभी होती. फोनवर जनावरांची सरकारी डॉक्टरीण होती. ती खानवेलच्या पुढे एका पाड्यावर कोणाच्या तरी म्हशीपाशी अडकली होती, संध्याकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. माझा प्रश्न ऐकून भाभीने स्वतःचा हात पाहिला. भाभीचा हात पोळपाटाएवढा आहे. तिने तो हळूच पदराखाली घेतला.

मग आम्ही दोघींनी मॅडमकडे पाहिलं.

मॅडम दुसऱ्या मजल्यावर राहतात. मराठी शाळेत शिकवतात, माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. नवरा सरकारी कचेरीत. अंगाने बारीक, हात बाहुलीसारखे. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. रक्त बघून बायका पांढऱ्या पडतात, पण मॅडमचं कारण तेवढंच नव्हतं. ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. शेळी तोवर पडली आहे तशी पडू दे. सांगताना जनावर थांबतं, खरोखरीचं थांबलं नसतं.

माझी खोली वापीजवळ डोकमर्डीला त्या सोसायटीच्या भिंतीला लागून आहे. नवऱ्याला मसाटच्या एका धाग्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही खानदेशातून इथे आलो. नवरा गेला, मुलगा त्याच कामाला लागला. माझी चौथीपर्यंत शाळा झाली, पाचवीपासून शेळ्या. इथे आल्यावरही सुटल्या नाहीत. कधी चार असायच्या, कधी दोन. शेवटी ही एकच उरली होती.

तिला नाव ठेवलं नव्हतं. जे एक दिवस विकायचं त्याला नाव ठेवू नये, विकताना जीभ अडते.

तरुणपणी ती वेताला दोन करडं द्यायची, एकदा तीन दिली. करडं आईचं दूध सोडतात न सोडतात तोच हिचं पोट परत दिसायला लागायचं. पुढे दोनाचं एक झालं. मग दोन वेतांमधलं अंतर वाढलं. मग एक करडू झालं ते पायावर उभंच राहिलं नाही. मग असं व्हायला लागलं की माजावर यायची, बोकडाकडे नेऊन आणायची, आणि तीन आठवड्यांनी परत बें बें करत माजावर. शेवटी तेही बंद पडलं. कास पिशवीसारखी लोंबली, पुढचे दात पडले. मी खाटकाला बोलावलं. त्याने तिचा ओठ उचलून तोंड पाहिलं आणि हसला.

"अम्मा, इसके दाँत तो गए. इसको खाएँगे तो हमारे भी जाएँगे."

गिऱ्हाईक नाही म्हणून ती राहिली. दयामाया काही नव्हती. खात होती तेही फुकटचंच, मागच्या मोकळ्या प्लॉटमधला सुबाभळीचा पाला.

हे काही शेळीचंच असतं असं नाही. माझ्या आईच्या कोंबड्या होत्या. कोंबडी जुनी झाली की अंडी कमी करते, पण जे घालते ते मोठं घालते. कवच मात्र असं पातळ की टोपलीत ठेवताना बोट आत जातं. आई म्हणायची, म्हातारी कोंबडी म्हाताऱ्या माणसासारखी, गोष्ट एकच पण लांबवून सांगते. मांजरीचंही पाहिलं आहे. आधी पाच पिल्लं, मग तीन, मग एकच, आणि त्या एकाला ती अशी चाटत बसते की त्याचे केस जातील. म्हैस वय झालं की गाभण राहायला नखरे करते आणि राहिली की टिकवायला करते.

पण जनावरं पुरती थांबत नाहीत. कमी होत जातं, लांबत जातं, बिघडत जातं, आणि एक दिवस जनावरच संपतं. बाईचं देवाने वेगळं केलं आहे. बाईचं दुकान एक दिवस बंद होतं आणि दुकानदारीण पुढे कितीतरी वर्षं ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलत राहते. त्याच्यात देवाचा काय फायदा ते देवाला ठाऊक. मी तर अजून बसलेली आहे.

माझी आई आणि माझी थोरली बहीण एकाच हिवाळ्यात, एकाच घरात बाळंत झाल्या. तेव्हा त्यात कोणाला लाज नव्हती, फक्त खाट एकच होती म्हणून भांडण झालं. बहिणीचं पोर गुटगुटीत, रडलं की कौलं हलायची. आईचं पोर पाण्यातून काढलेल्या उंदराएवढं. माझी ती सगळ्यात धाकटी बहीण. जगली, पण तिच्या आयुष्यात कधी जड हंडा तिला उचलता आला नाही. आईचं ते शेवटचं. नंतर आई म्हणाली, आता माझ्याकडून काही मागू नका, मी द्यायचं ते दिलं.

माझं बंद झालं तेव्हा नवऱ्याला वाटलं मी आजारी आहे. मला वाटलं मला सुट्टी लागली. एवढीच दोघांच्या मतांत तफावत.

तर ही शेळी. श्रावणात एक दिवस ती दावं चावून मागच्या प्लॉटमध्ये गेली. दात नसताना दावं कसं तोडलं ते मला आजवर कळलं नाही, पण मन असलं की दात लागत नाहीत. तिथे एका रिक्षावाल्याचा बोकड मोकळा चरत होता. पुढचं मी पाहिलं नाही. नंतर पोट वाढायला लागलं तेव्हा मला वाटलं वात आहे. म्हाताऱ्या पोटात दुसरं काय असणार?

दिवाळीनंतर डॉक्टरीण लसी टोचायला आली. वयाने तरुण, बोलायला चटपटीत. तिने शेळीच्या कुशीत हात दाबून पाहिला आणि म्हणाली, "आजी, गाभण आहे."

"अगं तिचं वय उलटून गेलंय."

"मग तिला कोणी सांगितलं नसेल."

भाभी आणि मॅडम तेव्हा तिथेच होत्या. मॅडम शाळेतून येताना रोज शेळीपाशी दोन मिनिटं थांबायच्या, पिशवीतली काकडीची सालं टाकायच्या. डॉक्टरीण म्हणाली, "शेळी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंगात तिची सगळी अंडी तयार असतात. नवीन होत नाहीत. शेळी दहा वर्षांची तर अंडंही दहा वर्षांचं. म्हणून उशिरा राहिलेलं टिकायला कठीण, आणि टिकलं तर व्यायला कठीण."

"म्हणजे शिळं अंडं," मी म्हटलं.

"शिळं नाही हो आजी, जुनं."

"तांदूळ जुना चांगला असतो. अंडं कसं जुनं चांगलं असेल?"

"आणि बोकड?" मॅडमनी विचारलं.

"बोकड जवळजवळ रोज नवं करतो. त्यालाही वय लागतं, पण उशिरा."

"एटले, म्हणून तर म्हाताऱ्या बोकडांची एवढी अकड," भाभी म्हणाली आणि स्वतःच हसली. भाभीचे यजमान तेव्हा तळमजल्याच्या गॅलरीत बनियनवर उभे होते. ते आत गेले.

मॅडम हसल्या नाहीत. डॉक्टरीण गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "वापीच्या हॉस्पिटलमध्ये मला पण हेच सांगितलं आजी. अगदी हेच. फक्त तिथे अर्धा तास बसवून सांगितलं."

मॅडमचं लग्न उशिरा झालं. चाळिशी मागे पडली होती. वापीला त्यांचे उपचार चालू होते, सुया, गोळ्या, पोटाचे फोटो. दोनदा राहिलं नाही, एकदा राहून गेलं. हॉस्पिटलवाले म्हणत होते की अजून एकदा करता येईल, पण आमच्या भरवशावर करू नका. सासूबाई रत्नागिरीहून रोज फोन करून म्हणत होत्या की करच. नवरा बिचारा दोघींच्या मधे उभा राहून दोघींना हो म्हणत होता. मॅडमना काय हवं होतं ते त्यांनाही समजत नव्हतं. संक्रांतीनंतरची तारीख मिळणार होती, आणि घ्यायची की नाही एवढंच ठरायचं होतं.

भाभीला हे सगळं ठाऊक होतं. सोसायटीत भाभीला ठाऊक नाही असं फक्त पाण्याच्या टाकीचा तळ. तिने मनाशी जुळवलं. एक दिवस माझ्या दारात येऊन कुजबुजली, "बा, शेळीला ह्या उमरमध्ये राहिलं ने? मग मॅडमला पण राहणार. मला तर माताजीने दाखवलं एवढं समजा."

"शेळीचं पोट शेळीपाशी, मॅडमचं मॅडमपाशी," मी म्हटलं. "उद्या शेळी मेली तर काय म्हणशील?"

"एवं नका बोलू, बा."

मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. कोणाच्या जनावरावर कोणाचं नशीब बांधायचं नसतं. जनावराला माहीतच नसतं की आपल्यावर काही बांधलंय. पण बायका ऐकतात का? भाभीने सांगितलं, पहिल्या मजल्याने ऐकलं, तिसऱ्याने मान्य केलं. येता-जाता बायका शेळीच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायला लागल्या. मॅडम म्हणायच्या, काहीतरीच तुमचं. पण सकाळी शाळेत जाताना त्याही वाकून शेळीच्या पोटाला हात लावायच्या. कोणी बघत नाही ना, ते पाहून लावायच्या. माझी खिडकी तिकडेच उघडते.

त्यात भाचीचं लग्न निघालं आणि मला गावी जावं लागलं. मुलगा शिफ्टला, म्हणून शेळी भाभीवर सोडली. नीट सांगून गेले, दोन वेळा पाला, एक बादली पाणी, दुसरं काही नको. डॉक्टरणीनेही हेच बजावलं होतं. भाभीने मान हलवली. भाभी मान फार चांगली हलवते.

आता इकडची रीत सांगते. गुजराती बायका गल्लीतली कुत्री व्याली की तिच्यासाठी शिरा करतात. घरोघरून पीठ, गूळ, तूप गोळा करायचं, मोठ्या कढईत शिरा परतायचा आणि बाळंतिणीला परातीतून घालायचा. कुत्री असली तरी बाळंतीण ती बाळंतीण. रीत चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण माझ्यामागे भाभीने ती शेळीला लावली, आणि व्यायची वाटही पाहिली नाही. सकाळी शिरा, संध्याकाळी शिरा. मराठी बायकांना वाटलं आपण मागे का, तर त्यांनी पार्किंगमध्येच शेळीचं डोहाळजेवण केलं. पाटाभोवती रांगोळी, शिंगांना मोगऱ्याचा गजरा, पाठीवर हिरवा खण. शेळीने गजरा खाल्ला, मग खण खाल्ला, मग डिंकाचे लाडू खाल्ले. फोटो काढले आहेत, मला दाखवले. त्यात शेळी एखाद्या आमदारीणबाईसारखी बसली आहे आणि मॅडम शेजारी बसून हसताहेत. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी परत आले तर शेळी ओळखू येईना. अंग तुकतुकीत, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, रवंथ बंद. लेंड्यांच्या जागी पातळ, आंबूस वासाचं. मी भाभीला हाक मारली.

"काय घातलंस हिला?"

"काय नाही बा. थोडा शीरा."

"शेळीला शिरा?"

"कुतरीला पण देतोच ने आपण. ही तर कुतरीपेक्षा सात्त्विक."

"अगं, कुत्रीला एक पोट असतं. शेळीच्या पोटाला चार खण असतात. पाला असला तर ती चौघांत वाटून खाते. पीठ-गूळ गेलं की आत आंबतं, भट्टी लागते."

भाभीने हनुवटीला बोट लावलं. "चार पोट? मग तर मी कमीच दिला."

मी डॉक्टरणीला फोन लावून घेतला. तिने खायचा सोडा पाण्यातून पाजायला सांगितला, धान्य बंद, फक्त सुका चारा. दोन दिवस पाजला. पोट जरा उतरलं, पण अंगात जोर राहिला नाही. डॉक्टरीण म्हणाली, "म्हातारं जनावर, करडू पोसून मोठं झालं असणार, आणि हिच्यात ढकलायची ताकद नाही. कळा लागल्या की लगेच फोन करा."

संक्रांतीच्या तोंडावर एका दुपारी मी डाळ निवडत बसले होते. शेळीचं दावं मोकळं दिसलं. ती कुठे गेली असेल ते शोधावं लागलं नाही. जिथे परात मिळायची तिथेच गेली होती, पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे. तिथेच आडवी झाली. पुरुष सगळे कामावर, डॉक्टरीण पाड्यावर. भाभी होती, मी होते, आणि मॅडम नेमक्या अर्ध्या दिवसाची शाळा करून गेटातून आत आल्या होत्या.

तर आता शेळीकडे.

"मॅडम, बांगड्या काढा," मी म्हटलं.

"मी?"

"भाभीचा हात पाहिलात ना?"

"आजी, मला रक्त बघवत नाही."

"बघू नका. आत अंधारच आहे. डोळे मिटले तरी काम तेवढंच होतं."

मॅडम जागच्या हलेनात. त्या शेळीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ही मेली तर सगळ्या माझ्याकडे बघतील."

"आत्ताच बघतोय," मी म्हटलं. "ये पोरी, बस इथे."

त्या बसल्या. भाभीने पळत जाऊन कात्री, साबण आणि खोबरेल तेलाची बाटली आणली. मॅडमची नखं मी कापली, वेडीवाकडी. कोपरापर्यंत साबण, मग तेल. डॉक्टरणीचा आवाज फोनमधून येत होता, मागे तिची म्हैस हंबरत होती.

"मॅडम, कळ नसेल तेव्हा करडू आत ढकला. बाहेर ओढायचं नाही. आत."

"आजी, ती आत ढकला म्हणतेय."

"मग ढकला. दारात कोणी आडवं अडकलं की आधी मागे सारावं लागतं."

मॅडमनी डोळे मिटून हात घातला. शेळीने एक कण्हणं काढलं आणि मॅडमनीही तसंच काढलं.

"काय लागतंय?" डॉक्टरणीने विचारलं.

"गरम. मऊ. निसरडं."

"ते सगळंच तसं असतं. डोकं कुठे आहे?"

"नाहीये डोकं. मान लागतेय. मान मागे वळलीय. थांबा, कान. हा कान आहे, आजी."

"कान ओढू नका," डॉक्टरीण म्हणाली.

"शाळेत धरता तसा तर अजिबात नको," मी म्हटलं.

"मी शाळेत कोणाचे कान धरत नाही," मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, जरा रागाने. मला बरं वाटलं. राग आला की माणूस चक्कर येऊन पडत नाही.

तेवढ्यात स्कूटरच्या सीटवर ठेवलेला मॅडमचा फोन वाजायला लागला. "नका घेऊ," मॅडम म्हणेपर्यंत भाभीने दुसऱ्या हाताने घेतलासुद्धा, आणि आवाज मोठा केला.

"अगं, घेतलीस का तारीख?" सासूबाईंचा आवाज. "मी देवीला बोललेय. आता मागे फिरू नकोस हं."

"आई, माझा हात शेळीत आहे. नंतर बोलते."



"कशात आहे?"

"शेळीत."

"कुठल्या शेळीत?"

"आपली जुनी शेळी, माँजी," भाभीने फोनमध्ये वाकून सांगितलं. "शीरा खायची ती."

"भाभी, बंद करा तो," मॅडम म्हणाल्या, आणि त्याच दमात, "मिळालं. तोंड मिळालं, बोटं जबड्याखाली गेली."

"आता डोकं फिरवून पायावर आणा," डॉक्टरीण म्हणाली. "दुसरा पाय सापडला तर तोही. मग कळेबरोबर ओढा, खालच्या बाजूला, शेळीच्या पायांकडे."

मॅडमच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. मी त्यांची ओढणी घेऊन पुसला. शेळी कळ देत होती की नुसती थरथरत होती ते मला ओळखू येत नव्हतं, म्हणून मी तिच्या पोटावर हात ठेवून मॅडमना सांगत होते, आता, थांब, आता. आधी खुरं आली, मग नाक, मग कपाळ अडकलं, आणि मग एकदम सगळंच मॅडमच्या मांडीवर.

बोकड होता. मोठा, काळा, पाठीवर पांढरा पट्टा. मी तोंड साफ केलं, चोळला, मागचे पाय धरून हलवला, नाकात काडी घातली. काही नाही. शेळीपेक्षा मला माझ्या वाया गेलेल्या मेहनतीचा राग आला. मी त्याला बाजूला गोणपाटावर ठेवला.

भाभी रडायला लागली. तोंडाला पदर लावून ती शेळीकडे बघत नव्हती, बोकडाकडे बघत नव्हती, मॅडमकडे बघत होती. वर गॅलऱ्यांमध्येही दोन-तीन जणी येऊन उभ्या होत्या. त्याही तिकडेच बघत होत्या.

मॅडमनी मान वर करून एकेकीकडे पाहिलं. मग भाभीला म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? आत अजून एक आहे. तेल द्या."

आत अजून एक आहे हे मला ठाऊक नव्हतं, डॉक्टरणीलाही नव्हतं. त्यांच्या हाताला लागलं होतं. कोणी न सांगता त्यांनी पुन्हा हात घातला, या वेळी डोळे उघडे ठेवून.

"पाय आहेत. दोन. पण खुरं उलटी वाटतात."

"मागचे पाय असतील," डॉक्टरीण म्हणाली. "मग थांबायचं नाही. डोकं आत राहिलं तर पाणी गिळेल. एका दमात ओढा."

मॅडमनी ओढलं. मी त्यांच्या कमरेला धरून त्यांना मागे ओढलं. भाभीने फोन टाकून मला धरलं. तिघी एकमेकींवर पडलो आणि मांडीवर ते दुसरं आलं, लहानसं, लिबलिबीत, मेल्यासारखंच. मी त्याचं तोंड पुसलं. मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं, मागचे पाय धरून उभ्या राहिल्या आणि दोन झोके दिले, मी मघाशी दिले होते तसेच. त्यांचा तोल जाऊन करडाचं डोकं स्कूटरच्या चाकाला लागायचं ते थोडक्यात वाचलं. तिसऱ्या झोक्याला ते शिंकलं.

"शिंकलं," मॅडम म्हणाल्या.

"छींक शुभ," भाभी जमिनीवर बसूनच म्हणाली.

"भाभी, आता पुरे," मॅडम म्हणाल्या.

शेळी मात्र उठेना. मी करडू तिच्या नाकापाशी नेलं. तिने चाटलं नाही, नुसता वास घेतला. वार पडायला वेळ लागला. तिला गोणपाटं पांघरली, सोडा आणि गुळाचं कोमट पाणी घोट घोट पाजलं. मॅडम तशाच माखलेल्या कपड्यांनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, अंघोळ करून या. म्हणाल्या, जाते. गेल्या नाहीत. ऊन भिंतीवरून उतरून गेटापर्यंत गेलं तेव्हा डॉक्टरीण आली, म्हशीच्या शेणाने भरलेल्या बुटांनी. तिने शिरेत कॅल्शियम सोडलं, पोट दाबून पाहिलं, आणि मला म्हणाली, "आजी, आता हिला परत गाभण राहू देऊ नका."

"मी ठेवली नव्हती. ती गेली होती."

डॉक्टरणीने मेलेल्या बोकडाकडे पाहिलं, मग भाभीकडे. भाभी म्हणाली, "मला समजलं. चार पोट."

मॅडमनी तिथेच बसून सासूबाईंना फोन लावला. स्पीकर नव्हता, त्यामुळे मला एकाच बाजूचं ऐकू आलं. "आई, तारीख नाही घेतली. घेणार पण नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "नाही, शेळीचा काही संबंध नाही. शेळी शेळी आहे." परत ऐकणं. "मी दमले, आई. हे दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं." मग, "हो, ह्यांना मी सांगते. तुम्ही रडू नका." फोन ठेवून त्यांनी करडाला उचलून कासेला लावलं. करडाला सड सापडेना, तर दोन बोटांनी तोंड उघडून आत घातलं. आता त्यांना रक्ताचं, चिकाचं काही वाटत नव्हतं. वरच्या गॅलरीतल्या बायका अजून उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना विचारलं की कोणाकडे जुनी चादर आहे का, तेव्हा त्या आत गेल्या. एकच परत आली, चादर घेऊन.

काळोख व्हायच्या आधी शेळीने मान उचलली आणि पुढचे गुडघे टेकले. मी मागून शेपटीपाशी जोर लावला. ती उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. बोकडाला मी आणि मुलाने मागच्या प्लॉटमध्ये पुरलं. शेळी जगली, आणि मागून उलटी आलेली तिची पोर जगली.